ताबा त्याच्या आईकडे

९ जून २०२५, सोमवार

आज कळलं की रूपा माझी नाही. म्हणजे आहे माझीच, पोटात मीच वागवली, पण कागदावर ती माझ्या माजी सासूबाईंची आहे.

झालं असं. रूपाला दुसरीसाठी घराजवळच्या शाळेत घालायचं होतं. शाळेच्या ऑफिसातल्या बाईंनी घटस्फोटाचा हुकूमनामा मागितला. मी तो फोल्डरमधून काढून ऐटीत पुढे केला, कारण माझे कागद कधी चुरगळलेले नसतात. बाईंनी तो वाचला, माझ्याकडे पाहिलं, परत वाचला.

"भूषण तुमचा मुलगा का?" त्यांनी विचारलं.

मी चौतीस वर्षांची आहे. भूषण अडतीसचा. मी म्हटलं, तो माझा नवरा होता. मग त्यांनी ओळीवर बोट ठेवून दाखवलं: 'अर्जदार क्र. १ भूषण यास मान्य आहे की, मुलगी रूपा हिचा ताबा कायमस्वरूपी त्याच्या आईकडे राहील.'

'तिच्या आईकडे' हवं होतं. टाइप करणाऱ्याने 'तिच्या'चं 'त्याच्या' केलं आणि माझी पोरगी नरडाण्याजवळच्या खेड्यात राहणाऱ्या वच्छलाबाईंच्या नावावर झाली. दोन वर्षं हा कागद माझ्या कपाटात आहे. त्यावर माझी सही आहे, भूषणची आहे, वकिलांची आहे. सही करताना मी रडत होते आणि भूषण घड्याळ बघत होता, त्याची दुसरी शिफ्ट होती. वाचणार कोण?

बाई चांगल्या आहेत. म्हणाल्या, तात्पुरतं नाव लिहून घेते, पण दिवाळीच्या आत कागद दुरुस्त करून आणा, नाहीतर ताबा असलेल्या व्यक्तीची सही आणा.

रूपाला मी काही सांगणार नव्हते. पण तिने सगळं ऐकलं होतं. रिक्षात म्हणाली, आजीची आहे तर आजीकडे टीव्हीला वेळेचं बंधन नाही.

११ जून, बुधवार

ज्या वकीलसाहेबांनी आमचा समझोता लिहिला त्यांच्याकडे धुळ्याला गेले. त्यांनी चहा पाजला. म्हणाले, चूक टायपिस्टची आहे, तो आता लग्न होऊन सुरतला असतो. दुरुस्ती करायची तर नवा वकीलनामा, नवी फी. मी म्हटलं, चूक तुमच्या ऑफिसची. ते म्हणाले, असं तुमचं म्हणणं असेल तर तेही कोर्टात सिद्ध करावं लागेल, आणि त्यासाठीही वकील लागेल.

चहा गोड होता. तेवढंच फुकट मिळालं.

१४ जून, शनिवार

मी ज्या मॅचिंग सेंटरमध्ये काम करते तिथे अस्तर घ्यायला येणाऱ्या एका बाईंनी कौतिकभाऊंचं नाव सुचवलं. जळगाव कोर्टाबाहेर टेबल टाकून बसतात, अर्ज टाइप करून देतात आणि सल्ला वर देतात.

कौतिकभाऊंनी हुकूमनामा उन्हाकडे धरून पाहिला, जशी मी साडी धरते. मग म्हणाले, दोन मार्ग आहेत. पहिला, तुम्ही रूपाला वच्छलाबाईंकडून दत्तक घ्या. मी म्हटलं, स्वतःच्याच मुलीला? ते म्हणाले, कायद्याला भावना नसते.

दुसरा मार्ग त्यांना जास्त पसंत होता. भूषणशी परत लग्न करा, परत घटस्फोट घ्या, आणि यावेळी कागद माझ्याकडे टाइप करा. एक वेलांटी चुकणार नाही.

मी घरी येऊन झोपले.

१८ जून, बुधवार

मोबाइलवर एक अ‍ॅप मिळालं. पहिली दहा मिनिटं वकील फुकट. खूप वेळ बासरी वाजली. मग दिल्लीचे कुणी वकीलसाहेब आले. मराठी येत नव्हतं, म्हणून मी हिंदीत सांगितलं की बच्ची का कब्जा 'उसकी माँ' के पास लिखना था, लेकिन 'उसकी माँ' के पास लिख दिया.

ते म्हणाले, "मॅडम, इसमें गलती क्या है?"

मी परत सांगितलं. त्यांनी परत विचारलं. हिंदीत त्याची आई आणि तिची आई एकच असते, हे मला तेव्हा कळलं. समजावता समजावता दहा मिनिटं संपली आणि बासरी परत सुरू झाली.

२० जून, शुक्रवार

भूषणला कळवणं भाग होतं, तर कळवलं. त्याने 'बरं' एवढाच मेसेज पाठवला आणि आईला सांगून टाकलं. दुपारी वच्छलाबाईंचा फोन. घटस्फोटानंतर पहिल्यांदा. काय हाक मारायची हे मला सुचेना, म्हणून मी नुसतं 'हां' म्हटलं.

त्या त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या, "म्हंजे रूपा मन्ही शे?"

मी म्हटलं, चुकून.

"चूक व्हई. पन कोर्टनी शे ना."

मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या की वकिलापायी पैसा घालवू नको. त्यांच्या गावात कायद्याचं शिबिर झालं होतं, बाईमाणसाला सरकारकडून वकील फुकट मिळतो, कमाई किती ते विचारत नाहीत. धुळ्याला कोर्टाच्या आवारातच विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तिथे जा.

आता विचार करते आहे. समोरची पार्टी मला वकील का सुचवते? यात काहीतरी डाव आहे. ही बाई चहात साखर किती घालायची तेही दोन दिवस आधी ठरवते.

२४ जून, मंगळवार

डाव असो नसो, गेले. कागद खरंच कमी लागले. आधार कार्ड, हुकूमनामा आणि एक साधा अर्ज. दोन तास बसवलं आणि मग अ‍ॅड. संघमित्रा यांच्याकडे पाठवलं. वयाने माझ्यापेक्षा लहान, केस कसेबसे बांधलेले, बॅगेतून फायली बाहेर आलेल्या. त्यांनी ती ओळ वाचली आणि हसल्या. मग माझा चेहरा बघून सॉरी म्हणाल्या. मग परत हसल्या. मला राग यायला हवा होता, पण दोन आठवड्यांत पहिल्यांदाच कुणाला तरी ही गोष्ट जशी आहे तशी कळली होती.

त्या म्हणाल्या, लेखनातली चूक आहे, कोर्ट दुरुस्त करतं. भूषणला नोटीस जाईल. आणि कागदावर त्याची आई आहे, तर तिचाही जबाब घेऊन टाकू की माझी हरकत नाही, म्हणजे पुढे कुणी फाटा फोडायला नको. एक-दोन तारखांत होईल.

मी विचारलं, आणि त्या हरकत घेतील तर? त्या म्हणाल्या, कशाला घेतील?

या मुलीने वच्छलाबाईंना पाहिलेलं नाही.

१७ जुलै, गुरुवार

पहिली तारीख. दुकानाचे मालक रतिलालशेठ यांनी एक दिवसाची सुट्टी दिली, तीही लग्नसराई संपली म्हणून. रूपाला शेजारी ठेवणार होते, पण तिने जळगाव ते धुळे बसमध्ये खिडकी हवी म्हणून हट्ट धरला.

वच्छलाबाई आमच्या आधी येऊन बसलेल्या. मांडीवर स्टीलचा डबा, त्यात गुळाच्या सांजोऱ्या. बाक सगळा रिकामा होता, तरी रूपा त्यांच्या मांडीवरच बसली. विचारलं तर म्हणाली, बाक गरम आहे. भूषण अर्धा दिवस टाकून आला होता. त्याने रूपाला पेरू कापून दिला आणि माझ्याकडे बघून 'पाऊस कमी आहे' असं म्हणाला. आमच्या लग्नात आम्ही याहून जास्त बोलायचो का, आठवत नाही.

आमचा पुकारा झाला. वच्छलाबाईंचं ओळखपत्र मागितलं. त्यांनी पिशवी पालथी केली. सुपारी, अंगारा, एसटीची तिकिटं, रूपासाठी रिबिनी. आधार कार्ड नाही. घरी राहिलं म्हणाल्या.

पुढची तारीख मिळाली. त्यांनी शिरस्तेदारांना विचारून घेतलं, गुरुवारच शे ना? गुरुवार बरा पडस.

दोन-अडीच तास जायचे, तेवढेच यायचे, सुट्टी वाया, आणि ही बाई आधार कार्ड विसरते. जी बाई लग्नात कुणी किती ताटं उचलली ते विसरली नाही.

२० जुलै, रविवार

हे मी कुणाला सांगणार नाही, म्हणून इथे लिहिते.

काल दुकानात फॉल मोजता मोजता मनात आलं की वच्छलाबाई एक दिवस तो कागद घेऊन पोलिसांबरोबर आल्या तर? दारात उभं राहून म्हणाल्या की पोर माझी आहे, तर मी काय दाखवणार? कागद त्यांच्या बाजूचा आहे. मी फक्त आई आहे. मग मला फॉलचे रंग दिसेनात. मागच्या खोलीत ठाणांच्या आड जाऊन रडले. रतिलालशेठ आले, म्हणाले, अस्तरावर पाणी पडतंय, सुती आहे, आटेल.

घरी आल्यावर रूपाला घट्ट धरलं. तिने विचारलं, परत कधी तारीख आहे?

१४ ऑगस्ट, गुरुवार

आधार कार्ड आणलं. पण सोबत वकील आणला.

वच्छलाबाईंनी स्वतःसाठीही विधी सेवेतून फुकट वकील मिळवला आहे. म्हणे, बाईमाणूस तर मीबी शे. अ‍ॅड. देवचंद नाव. साठीचे असतील. काळ्या कोटाची बटणं पूर्ण लावलेली, 'माझ्या अशील' असं इतक्या आदराने म्हणतात की मला वाटलं मागे आणखी कुणी मोठी बाई उभी आहे. संघमित्रा मॅडम एकेकाळी त्यांच्याच हाताखाली शिकल्या. त्यामुळे आमच्या वकिलांनी उठून विरुद्ध वकिलांना आधी खुर्ची दिली.

देवचंद साहेबांनी कोर्टाला सांगितलं की माझ्या अशिलांना विचार करण्यास अवधी हवा. जजसाहेबांनी विचारलं, कसला विचार? ते म्हणाले, कायदेशीर. तारीख मिळाली. गुरुवार.

बाहेर आल्यावर मी भूषणला गाठून म्हटलं, तुझ्या आईला सांग ना सही करायला. तो बिचारा म्हणाला की सांगितलं होतं. तर ती म्हणाली, तू मधमा बोलू नको, तू पक्षकार शे. भूषणला मात्र वकील नाही. त्याचा पगार फुकट वकिलात बसत नाही आणि विकतच्या वकिलात पुरत नाही. तो दोन्ही बाजूंच्या वकिलांना चहा आणून देतो.

मी वच्छलाबाईंशी बोलणारच नव्हते. पण त्यांनी माझ्या कामाबद्दल विचारलं, आणि मग जांभळ्या साडीवर ब्लाउजला अस्तर मिळत नाही म्हणाल्या. धुळ्यात सगळ्यांनी किरमिजी दाखवलं. मी म्हटलं, जांभळ्याला किरमिजी कोण लावतं, पुढच्या तारखेला पदराचा तुकडा आणा, मी बघते. मॅचिंगमध्ये मी वैर आणत नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार

आज मला खात्री पटली की ही बाई केस लांबवते आहे. का ते मात्र कळत नाही.

आधार कार्ड होतं, वकील होते, विचारही करून झाला होता. जबाबाचा कागद तयार होता: माझी हरकत नाही. वच्छलाबाई म्हणाल्या, चष्मा घरी राहिला. देवचंद साहेब म्हणाले, मी वाचून दाखवतो. त्या म्हणाल्या, न वाचता सही मी करणार नाही. कुणीतरी अंगठ्याचं सुचवलं तर त्यांनी अशी मान वर केली की तो माणूस मागे सरकला.

"मी सातवी शिकेल शे."

संघमित्रा मॅडमनी स्वतःचा चष्मा दिला. त्याने अंधुक दिसलं. देवचंद साहेबांच्या चष्म्याने अक्षरं नाचली. शिपायाच्या चष्म्याने डोकं दुखलं. भूषणला चष्मा नाही, तरी त्याने खिसे चाचपले. तारीख मिळाली.

नंतर बाकावर त्यांनी रूपाच्या फ्रॉकची उसवलेली किनार टाचून दिली. पिशवीत सुई-दोरा होताच. दोरा एका झटक्यात ओवला. सवयीचा हात असला की चष्मा लागत नाही, माझ्या आजीचंही तसंच होतं.

पदराचा तुकडा मात्र न विसरता आणला होता.

येताना बसमध्ये रूपाने मला अष्टा-चंगा शिकवला. आजीने शिकवला म्हणे, कोर्टाच्या फरशीवर खडूने आखून. एक वकीलही खेळले. कुठले ते तिने सांगितलं नाही, पण म्हणाली, हरल्यावर त्यांनी 'सदर डाव मान्य नाही' असं म्हटलं.

२८ सप्टेंबर, रविवार

नवरात्राचे रंग. दुकानात पाय ठेवायला जागा नाही, बायका एकमेकींच्या डोक्यावरून हात घालतात. लिहायला त्राण नाही. जांभळं अस्तर एक मीटर बाजूला काढून ठेवलं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

संपलं. नीट लिहिते.

सकाळी शाळेतून फोन आला होता. दिवाळीच्या सुट्टीआधी कागद आला नाही तर तात्पुरती नोंद रद्द होईल. मी बसमध्ये पूर्ण वेळ दात आवळून बसले होते. कोर्टात वच्छलाबाई डबा उघडत होत्या. म्हणाल्या, आज बी काहीतरी ऱ्हाई गयं वाटस, देखू. मी आत्तापर्यंत त्यांच्याशी चढ्या आवाजात कधी बोलले नव्हते, लग्नात असतानासुद्धा. आज बोलले.

"तुमच्या तारखांपायी शाळेतून नाव काढतील तिचं."

त्यांच्या हातातलं झाकण खाली पडलं आणि गोल गोल फिरत शिपायाच्या पायाशी गेलं. त्यांनी रूपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हाई पहिले काब नही सांगं?"

मी म्हटलं, विचारलं कुणी?

त्यांनी पिशवीत हात घातला, चष्मा काढला, पुसला, नाकावर ठेवला आणि देवचंद साहेबांना म्हणाल्या, कागद द्या. ते म्हणाले, आपण एक मुद्दा अजून... त्या म्हणाल्या, द्या. पूर्ण वाचला. एका शब्दात काना राहिला होता तो दाखवला, आणि सही केली. वच्छलाबाई, पूर्ण, वळणदार, आडनावासकट.

जजसाहेबांनी विचारलं, आजी, इतके दिवस काय विचार करत होता? त्या म्हणाल्या, "पोर तिन्हीच शे, साहेब. मी कोठे नही म्हनी?" आणि पुढे काही बोलल्या नाहीत. 'त्याच्या'चं 'तिच्या' झालं. भूषणने 'मान्य' म्हटलं. त्याला आज पहिल्यांदा काही विचारलं होतं, म्हणून त्याने दोनदा म्हटलं.

मला वाटलं होतं मी आनंदाने उड्या मारीन. बाहेर येऊन पाणी प्यायले. तेवढ्यात वच्छलाबाई शिरस्तेदारांना विचारत होत्या की पुढली तारीख कधी. ते म्हणाले, आजी, केस संपली. त्यांनी परत विचारलं. शिरस्तेदारांनी परत सांगितलं. मग त्या बाकावर जाऊन बसल्या आणि पिशवी मांडीवर घेतली.

कोर्टाचं कामकाज अजून त्यांना कळलेलं दिसत नाही.

अस्तर दिलं. पैसे देऊ लागल्या, मी घेतले नाहीत. बस सुटली तेव्हा रूपा खिडकीतून हात हलवत राहिली. त्यांनी हलवला नाही. डोळ्याला पदर लावून उभ्या होत्या. धुळ्याच्या स्टँडवर धूळ फार आहे.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

शाळेत कागद दिला. बाईंनी वाचला आणि म्हणाल्या, अभिनंदन, मुलगी झाली.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी रूपा आपणहून उठली, टाचलेल्या किनारीचा फ्रॉक घातला आणि बुटांसकट दारात उभी राहिली. मी विचारलं, शाळा? ती म्हणाली, आज गुरुवार आहे, चार आठवडे झाले, तारीख असेल.

मी तिला समजावलं की आता तारीख नाही. तिने बूट काढले नाहीत. मग मला आठवलं की दुरुस्त हुकुमाची आणखी एक नक्कल घेऊन ठेवलेली बरी. संघमित्रा मॅडम पोस्टाने पाठवते म्हणाल्या होत्या, पण पोस्टाचा काय भरवसा. शेठना सांगितलं, कोर्टाचं काम आहे. त्यांनी विचारलं, संपलं होतं ना? मी म्हटलं, कोर्टाचं काम असं कधी संपतं का.

बाकावर वच्छलाबाई बसल्या होत्या. जांभळी साडी, जांभळं ब्लाउज, अस्तर अगदी चपखल. मांडीवर डबा. रूपा माझा हात सोडून पळाली.

मी विचारलं, तुम्ही इथे कशा? त्या म्हणाल्या, कागद लेवाना व्हता. मी म्हटलं, मलाही नक्कलच घ्यायची होती. त्यांनी मान हलवली. आम्ही तिघी बसून सांजोऱ्या खाल्ल्या. नक्कल मिळण्याच्या खिडकीकडे दोघींपैकी कुणी गेलं नाही. मला वाटलं त्या जातील, त्यांना वाटलं असेल मी जाईन.

त्या रूपाची वेणी सोडून परत घालत होत्या. किती हळू घालत होत्या. एका वेणीला इतका वेळ लागत नाही, हे मला माहीत आहे. मी रोज घालते. मी बघत राहिले आणि जुलैपासूनच्या सगळ्या तारखा माझ्या डोळ्यांपुढून गेल्या, आधार कार्ड, चष्मा, विचाराला अवधी, आणि मी स्वतःला काय म्हणाले ते लिहिण्यासारखं नाही. चार महिने मी ज्याला डाव म्हणत होते तो डाव नव्हता. सांजोऱ्या होत्या.

मी म्हटलं, इथे बाकावर पंखाही नाही. जळगावला घरी या. रविवारी.

त्या थांबल्या. "तठे कोर्ट शे?"

"नाही. घर आहे."

"मंग हुकूम कोन दिन्हा?"

"मी."

त्यांनी वेणीला रिबीन बांधली, गाठ ओढून पाहिली. मग म्हणाल्या, "देवचंदसाहेबले इचारीसन सांगसू."

८ नोव्हेंबर, शनिवार

दुपारी दुकानात अ‍ॅड. देवचंद यांचा फोन आला. आवाज कोर्टातला.

म्हणाले, माझ्या अशिलांना आपला प्रस्ताव तत्त्वतः मान्य आहे. येत्या रविवारऐवजी पुढचा, सोळा तारखेचा. सकाळची गाडी. एक विनंती अशी की अर्जदार क्रमांक एक यांना सोबत आणता येईल का. मी म्हटलं, भूषणला? चहापुरता आणा. ते म्हणाले, हे मोघम झालं, चहा म्हणजे किती वेळ? मी थोडा विचार केला. त्याने रूपासाठी पेरू कापताना बिया काढल्या होत्या. म्हटलं, लिहा, जेवण होईपर्यंत.

मग ते घसा खाकरून म्हणाले, एकच अट आहे. भरीत होणार, परंतु वांगी अशील त्यांच्या गावाहून आणतील, आपण खरेदी करू नयेत.

मी जळगावची आहे. जळगावात राहून भरताची वांगी धुळे जिल्ह्यातून आणायची? मी म्हटलं, साहेब, याला माझी सक्त हरकत आहे, नोंदवून घ्या. त्यांनी घेतली. मागून वच्छलाबाईंचा आवाज आला, त्या शेजारीच उभ्या होत्या. पंधरा मिनिटं मी, देवचंद साहेब आणि त्या वांग्यांवर बोललो. गिऱ्हाइकं खोळंबली, शेठ डोळे वटारत होते. एकमत झालं नाही.

वांग्यांचा मुद्दा राखून ठेवला आहे. सुनावणी समक्ष, सोळा तारखेला, आमच्या स्वयंपाकघरात.